गुडघ्याचा हिशेब

रमजानचा चंद्र दिसला की मशिदीत चटया झाडल्या जातात, पंख्यांना तेल पडते, हौजातले पाणी बदलले जाते. आणि सफ म्हणजे नमाजींच्या रांगा जिथे संपतात, तिथे भिंतीलगत प्लास्टिकच्या चार खुर्च्या आणखी येऊन बसतात. त्या कोणी मागितलेल्या नसतात. मागायला संकोच वाटतो, हे मशिदीची व्यवस्था पाहणाऱ्यांना ठाऊक असते. पहिले दोन-तीन दिवस काही जण खुर्चीकडे न बघता रांगेत उभे राहतात. आठवडा उलटला की त्यातलेच एक-दोघे मुकाट्याने खुर्ची जवळ ओढतात.

रमजानमध्येच गुडघे का बोलू लागतात, हे समजायला साधा हिशेब पुरतो. रात्रीच्या इशाच्या नमाजेनंतर तरावीह पढली जाते. आपल्याकडे बहुतेक मशिदींत तिच्या वीस रकाती असतात. काही ठिकाणी आठ पढतात. रकात म्हणजे नमाजेचा एक पूर्ण फेरा : उभे राहणे, कमरेत वाकून रुकू करणे, पुन्हा ताठ होणे, मग जमिनीवर कपाळ टेकवून दोन सजदे. म्हणजे वीस रकातींत चाळीस सजदे आणि सुमारे वीस वेळा जमिनीवरून उठून उभे राहणे. त्याच्याआधी-नंतरच्या इशाच्या सतरा रकाती धरल्या तर एका रात्रीत सदतीस वेळा जमीन ते उभे. महिनाभरात एकट्या तरावीहच्याच सहाशे रकाती होतात. एरवी दिवसभर दुकानाच्या गल्ल्यावर किंवा ऑफिसच्या टेबलामागे बसणारा पंचावन्न वर्षांचा माणूस वर्षातला एक महिना हे करतो. गुडघ्याने तक्रार केली तर नवल नाही.

पण तक्रार नक्की कशाची असते? बहुतेकांचा समज असा की गुडघ्यावर आपले वजन पडते, आणि दोन गुडघे असल्याने ते निम्मे-निम्मे वाटले जाते. साठ किलोचा माणूस असेल तर तीस किलो इकडे, तीस किलो तिकडे. हा समज चुकीचा आहे, आणि गुडघेदुखीबद्दलचे निम्मे गैरसमज इथूनच सुरू होतात.

घरातला अडकित्ता आठवावा. सुपारी कितीही टणक असो, मुठीच्या साध्या दाबाने ती फुटते, कारण मूठ बिजागरीपासून लांब असते आणि सुपारी अगदी जवळ. लांबच्या टोकाला लावलेला थोडा जोर बिजागरीजवळ कितीतरी पटींनी वाढून पोहोचतो. आपला गुडघा ही अशीच बिजागरी आहे, फक्त इथे सुपारीच्या जागी आपला स्नायू आहे. अर्धवट बसलेल्या अवस्थेत, समजा खुर्चीवरून उठताना, शरीराचा भार गुडघ्याच्या सांध्यापासून बराच मागे पडतो. हे अंतर पंधरा सेंटिमीटर धरू. शरीर मागे कोसळू नये म्हणून मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्याची वाटी वर ओढून धरतो. पण त्याची दोरी सांध्याच्या मध्यापासून जेमतेम चार सेंटिमीटरवरून जाते. एका पायावरचे तीस किलो पंधरा सेंटिमीटरवर, तर ते तोलायला चार सेंटिमीटरवर किती जोर हवा? तीस गुणिले पंधरा, भागिले चार : जवळजवळ ११२ किलो. हा जोर मांडीचे हाड नडगीच्या हाडावर दाबतो. त्यात मूळचे तीस मिळवले की एका गुडघ्यावर १४२ किलो. साठ किलोचा माणूस नुसता खुर्चीवरून उठतो आहे आणि त्याच्या प्रत्येक गुडघ्यावर दोन माणसांहून जास्त भार आहे. यातला फार मोठा वाटा वजनाचा नाही, आपल्याच स्नायूच्या ओढीचा आहे.

हा हिशेब कागदावरचा आहे. तो प्रत्यक्षात खरा ठरतो का, हे बघायला बर्लिनच्या शारिते रुग्णालयातल्या संशोधकांनी एक विलक्षण मार्ग काढला. ज्यांचा गुडघा झिजून बदलावाच लागणार होता, अशा रुग्णांच्या कृत्रिम सांध्यातच त्यांनी बल मोजणारी बारीक यंत्रणा आणि एक छोटा ट्रान्समीटर बसवला. पायाभोवती तारेचे एक वेटोळे गुंडाळले की आतल्या यंत्राला बाहेरून वीज मिळते आणि सांध्यावर त्या क्षणी किती बल पडते आहे ते आकडे हवेतून संगणकावर येतात. अमेरिकेतल्या सान दिएगोजवळही २००४ पासून असेच मोजणारे गुडघे बसवले गेले. बर्लिनच्या गटाने पाच रुग्णांची मोजमापे २०१० साली प्रसिद्ध केली. गुडघ्याबद्दल तोवर जे अंदाजाने सांगितले जात होते, त्याला आता मोजलेल्या आकड्यांचा आधार मिळाला.

ते सरासरी आकडे शरीराच्या वजनाच्या पटीत असे आहेत. दोन्ही पायांवर स्वस्थ उभे असताना एका गुडघ्यावर १.०७ पट. होय, निम्मे नाही. तोल राखायला स्नायू थोडे तरी ताणलेले असतातच. खुर्चीवर बसताना २.२५ पट, उठताना २.४६ पट. उभ्याने गुडघे वाकवताना २.५३ पट. एका पायावर उभे राहिल्यास २.५९. सपाट जमिनीवर चालताना, प्रत्येक पावलागणिक, २.६१. जिना चढताना ३.१६. आणि सगळ्यांत वर, जिना उतरताना ३.४६ पट.

साठ किलोच्या माणसासाठी हा शेवटचा आकडा २०८ किलो होतो. जिना चढताना धाप लागते म्हणून चढणे अवघड आणि उतरणे सोपे असे आपण धरून चालतो. हृदयाच्या बाजूने ते खरे आहे, गुडघ्याच्या बाजूने उलटे. उतरताना मागचा पाय वरच्या पायरीवर वाकत वाकत सगळे शरीर हळूहळू खाली सोडत असतो. ट्रक घाटातून उतरताना ब्रेक तापतात, चढताना नाही. गुडघ्याचेही तसेच.

इथे एक खुलासा करायला हवा. हे आकडे वयस्कर रुग्णांच्या कृत्रिम सांध्यांतले आहेत. ती माणसे सांभाळून, बेताने चालणारी होती. तरुण, धडधाकट माणूस झपाझप पायऱ्या उतरतो तेव्हा त्याच्या गुडघ्यावरचा भार याहून जास्त असू शकतो. त्याला तो जाणवत नाही, एवढेच.

आता गुडघ्याची वाटी. ही सांध्याच्या पुढे बसवलेली निव्वळ ढाल आहे असे वाटते, पण तिचे खरे काम विहिरीवरच्या कप्पीचे आहे. मांडीच्या स्नायूची दोरी वाटीवरून वळसा घेऊन नडगीला बांधलेली असते. पाय सरळ असताना दोरी जवळजवळ सरळ असते, म्हणून कप्पीवर दाब कमी. गुडघा जितका वाकेल तितका दोरीचा वळसा मोठा आणि कप्पी तितकी मागच्या हाडावर दाबली जाते. १९७२ साली रायली आणि मार्टेन्स या दोन संशोधकांनी गणिताने काढलेले आकडे आजही पुस्तकांत दिले जातात : सपाट चालताना वाटीवर वजनाच्या अर्धा पट दाब, जिन्यावर ३.३ पट आणि खोल बैठक मारताना सात पटींहून जास्त. सपाट रस्त्यावर मैलभर चालून काही न होणाऱ्या बाईंना माडीवरून वाळवण उतरवताना वाटीमागे कळ का येते, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे. निसर्गालाही हे माहीत असावे. शरीरातली सर्वांत जाड कूर्चा त्याने वाटीच्याच मागे लावली आहे. तरी तिची जाडी मिलिमीटरमध्येच मोजायची.

हा सगळा हिशेब कळल्यावर पहिला प्रश्न सजद्याचाच येतो. सजद्यात आणि नमाजेच्या बैठकीत गुडघा जितका वाकू शकतो जवळजवळ तितका वाकलेला असतो. योगासने करणारे ज्याला वज्रासन म्हणतात ती बैठक आणि नमाजेतली बैठक दिसायला सख्ख्या बहिणी. खुर्चीवर बसताना गुडघा काटकोनात वाकतो. या बैठकीत तो १४० अंशांच्याही पुढे जातो. वळसा मोठा, म्हणजे दाबही प्रचंड, असे गणित सांगेल. पण इथे शरीर एक सवलत देते. पूर्ण बसल्यावर मांडीचा मागचा भाग पोटरीवर टेकतो आणि मांस मांसाला उचलून धरते. या टेकण्याचा आधार शरीराच्या वजनाच्या तीस टक्क्यांहून अधिक भरतो, असे नेदरलँड्समधल्या मोजमापात आढळले. शिवाय सजद्यात हात आणि कपाळ जमिनीवर असतात. भार चहूकडे वाटला जातो. खरी कसोटी बसलेल्या अवस्थेची नसतेच. ती असते खाली जाण्याच्या आणि वर येण्याच्या मधल्या दोन सेकंदांत, जेव्हा पोटरी मांडीपासून सुटलेली असते, पाय अजून सरळ झालेले नसतात आणि अडकित्त्याची दांडी सर्वांत लांब असते.

म्हणून तक्रार सांगताना लोक अचूक बोलतात, फक्त त्यांचे शब्द नीट ऐकायला हवेत. "बसल्यावर काही नाही हो, उठताना जीव जातो." मशिदीत हे ऐकू येते, देवळाच्या सभामंडपात कीर्तन संपल्यावर ऐकू येते, आणि लग्नाच्या पंगतीतून शेजाऱ्याच्या खांद्यावर हात देऊन उठणाऱ्या आजोबांकडूनही.

अर्थात जमिनीवरची बैठक अगदी निर्दोष आहे असेही नाही. गुडघा पूर्ण वाकला की मांडीच्या हाडाची गोलाई मागे सरकते आणि सांध्यातल्या गादीची, म्हणजे मेनिस्कसची, मागची कड दोन हाडांत चेपली जाते. विशीत ती रबरासारखी असते, पन्नाशीत जुन्या चपलेच्या पट्ट्यासारखी. एखाद्या दिवशी उकिडवे बसून उठताना तुटते. बीजिंगमधल्या ज्येष्ठांच्या गुडघ्यांचा एक मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. तरुणपणी दिवसातून किती वेळ उकिडवे बसत होता, हा त्यातला प्रश्न होता. ज्यांचे उत्तर 'तासन् तास' होते, त्यांच्यात म्हातारपणी गुडघ्याची झीज अधिक सापडली. आधीच्या एका तुलनेत बीजिंगच्या वृद्ध स्त्रियांमध्ये गुडघ्याची झीज अमेरिकेतल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त निघाली होती, त्या अंगाने सडपातळ असूनही.

'तासन् तास' हा शब्द महत्त्वाचा. सजदा काही क्षणांचा असतो. पण आपल्याकडच्या बायांचे उकिडवे बसणे तासांत मोजावे लागेल. धुणे, भांडी, फरशी पुसणे, शेतातली खुरपणी, भाजीबाजारात पोत्यावर बसून दिवसभर केलेली विक्री. रमजानमध्ये मुस्लिम घरातली बाई पहाटे तीनला सहेरीच्या स्वयंपाकाला उठते आणि इफ्तारची भांडी आवरून इशाला उभी राहते. तिची तरावीह बहुधा घरातच, जानमाजवर, कोणाला न दिसता होते. मशिदीतल्या खुर्च्या मोजून गुडघेदुखी मोजायला गेले तर या बाया गणतीत येतच नाहीत. घरात तिच्यासाठी वेगळी खुर्ची कोणी काढून ठेवत नाही. कपडे ठेवलेली एकच असते.

हे सारे ऐकून, "मग गुडघ्याला आराम द्यावा, वाकवूच नये," असा निष्कर्ष काढला तर तो दुसऱ्या टोकाचा घोटाळा होईल. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण होते सांध्यातल्या द्रवातून, आणि तेही स्पंजासारखे : भार पडला की द्रव पिळून बाहेर, भार सुटला की आत. दाब आणि सुटका हेच तिचे जेवण. पाय महिनोन् महिने हलला नाही तर कूर्चा उपाशी राहते आणि पातळ होते. लोक म्हणतात, "गुडघ्यातले वंगण संपले." वंगण संपत नाही, झीज झालेल्या कित्येक गुडघ्यांत तर पाणी वाढलेले असते. संपत जाते ती कूर्चा, आणि क्ष-किरण चित्रात डॉक्टर ज्याला 'गॅप कमी झाली' म्हणतात ती तिचीच हरवलेली जाडी. दुसरे असे की कूर्चेत वेदना वाहून नेणाऱ्या नसाही नसतात. म्हणून झीज सुरू होते तेव्हा दुखत नाही, आणि दुखायला लागते तेव्हा मामला हाडापर्यंत, भोवतालच्या पडद्यापर्यंत गेलेला असतो.

तेव्हा भार टाळायचा नाही, वाटून घ्यायचा. यात नमाजेच्या रीतींकडे पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रात घाटावरचे बहुतेक मुस्लिम हनफी पंथाचे, तर कोकणातले कोकणी मुस्लिम शाफई पंथाचे. हनफी रीतीत सजद्यातून सरळ पंजांवर जोर देऊन उठायचे, जमिनीला हात न टेकता. शाफई रीतीत सजद्यानंतर क्षणभर बसायचे आणि मग दोन्ही हात जमिनीवर टेकून उठायचे. दोन्हींना आपापले आधार आहेत आणि त्यात डावे-उजवे करण्याचे इथे कारण नाही. वय झाल्यावर किंवा त्रास असल्यावर हात टेकायला हनफी रीतीतही हरकत घेतली जात नाही. मुद्दा गुडघ्याचा आहे. मघाचे गणित पुन्हा मांडू. उठताना हातांनी फक्त दहा किलो भार उचलला तर प्रत्येक पायाचे पाच किलो कमी झाले. पण पंधरा भागिले चारच्या त्या दांडीमुळे प्रत्येक गुडघ्यावरचे सुमारे चोवीस किलो उतरतात. हातांनी दिलेले दहा, दोन्ही गुडघ्यांना मिळून मिळालेले जवळजवळ पन्नास. एवढ्या नफ्याचा सौदा बाजारात मिळत नाही.

हाच नियम सगळीकडे लागतो. खुर्ची जितकी ठेंगणी तितका उठतानाचा जोर मोठा. म्हणून गुडघे दुखणाऱ्यासाठी मऊ, खोल सोफा हा पाहुणचार नव्हे, शिक्षा आहे. त्याला हाताच्या दांड्या असलेली, उंच, टणक खुर्ची द्यावी. वुजूसाठी हौजाकाठी असतात ती दगडी ओटे बहुधा फूटभर उंच असतात. ओल्या फरशीवर, पायात चप्पल नसताना, तिथून उठणे हे अख्ख्या नमाजेतल्या कोणत्याही हालचालीइतकेच कठीण. खुर्च्या आणणाऱ्या व्यवस्थापकांनी तिथे भिंतीला एक लोखंडी दांडा ठोकला तर खुर्च्यांइतकाच उपयोग होईल. देवळाच्या पायऱ्यांना कठडा नसतो तिथेही हेच. आणि जिन्यासाठी फिजिओथेरपिस्ट मंडळींचा एक सोपा नियम आहे : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. कारण दोन्ही वेळा शरीर उचलण्याचे किंवा हळूहळू खाली सोडण्याचे काम वरच्या पायरीवरचा पाय करतो. तो चांगला असला पाहिजे.

वजनाचे बोलणे टाळता येत नाही, निदान इफ्तारच्या दिवसांत. नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी गुडघ्याची झीज असलेल्या १४२ लठ्ठ, वयस्कर माणसांचे चालणे मोजले. २००५ साली त्यांनी निष्कर्ष सांगितला : शरीराचे एक किलो वजन कमी झाले की दर पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार कमी होतो. पुन्हा तोच अडकित्ता. रोजा दिवसभराचा असतो, त्याने वजन उतरायला हवे. पण मगरिबच्या अजाननंतरच्या अर्ध्या तासात कांदाभजी, समोसे, मालपुवा आणि लाल सरबताचे दोन पेले मिळून दिवसभराची कमाई परत करतात. ईदच्या शिरखुर्म्याला दोष लागतो तो उगाच. तो बिचारा एकाच दिवसाचा.

या चार पटींचा अर्थ कळायला पंढरीची वाट बरी. आळंदीहून पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. वारकऱ्याचे पाऊल साठ सेंटिमीटरचे धरले तर चार लाखांहून अधिक पावले, म्हणजे प्रत्येक गुडघ्याची दोन लाख. निघण्यापूर्वी तीन किलो उतरवलेल्या माणसाचा गुडघा दर पावलाला बारा किलो वाचवतो. दोन लाख पावलांत चोवीस लाख किलो. हे आकडे असे एकावर एक रचायचे नसतात हे खरे, पण झिजेचा व्यवहार पावलापावलाचाच असतो. शिवाय सपाट चालण्यात हा भार दोन बाजूंना सारखा वाटला जात नाही. त्यातला मोठा भाग गुडघ्याच्या आतल्या बाजूने जातो. म्हणून आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांची आतली बाजू आधी झिजते, पाय धनुष्यासारखे बाहेर वाकतात, आणि वाकले की आतला भार आणखी वाढतो.

चालण्याला जोड हवी असेल तर सायकल उत्तम. बर्लिनच्या त्याच मोजणाऱ्या गुडघ्यांनी सायकल चालवताना, बेताचा जोर लावून, वजनाच्या १.२ पटीच्या आसपासच भार दाखवला. उभे राहण्याहून थोडा अधिक, चालण्याच्या निम्म्याहून कमी. सीट मात्र उंच हवी, पाय खाली जाताना जवळजवळ सरळ व्हावा इतकी. आणि ज्यांना यातले काहीच शक्य नाही त्यांनी खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ ताठ करावा, पाच-दहा सेकंद मांडी आवळून धरावी, सोडावी. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. रोजा असला तरी जमण्यासारखे आहे. मांडीचा स्नायू बळकट असला की तो उतरताना शरीर झेलतो, सांध्यावर आदळू देत नाही. गुडघा सुजत असेल, मधेच अडकत असेल किंवा पाय दगा देत असेल तर मात्र व्यायाम करत बसू नये, डॉक्टर गाठावा.

काहींच्या बाबतीत हे सगळे करून झालेले असते. आपल्या मराठी घरांत 'गुडघा बदलणे' हा शब्द रुळला तो अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना. ऑक्टोबर २००० मध्ये त्यांच्या डाव्या आणि जून २००१ मध्ये उजव्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. करणारे होते न्यूयॉर्कहून आलेले डॉ. चित्तरंजन राणावत. आधुनिक कृत्रिम गुडघ्याचा १९७४ मधला मूळ आराखडा ज्यांनी घडवला, त्या मोजक्या मंडळींपैकी ते एक. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची कमाल किंमत कराविना ५४,७२० रुपये ठरली. त्याच यादीत जास्त वाकणाऱ्या गुडघ्याचा वेगळा गट होता. जमिनीवर बसणाऱ्या लोकांची गरज अशी सरकारी दरपत्रकातही उतरली.

तरी पुष्कळ माणसे शस्त्रक्रिया पुढे ढकलतात, आणि कारण नेहमी पैशाचे नसते. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर बहुधा सांगतात, जमिनीवर बसू नका, उकिडवे बसू नका. मग कोणी म्हणते, सजदा गेला तर नमाजेत उरले काय? कोणी म्हणते, देवापुढे पाटावर बसून पूजा केली नाही असा दिवस गेला नाही, आता खुर्चीवरून कशी करू? ही माणसे वर्षानुवर्षे गोळ्या गिळत राहतात, जिना उतरणे सोडतात, मग घराबाहेर पडणे सोडतात, आणि शेवटी जी मशीद किंवा जे देऊळ सुटू नये म्हणून त्यांनी गुडघा बदलला नाही, तेच सुटते.

निदान नमाजेपुरता हा प्रश्न चौदाशे वर्षांपूर्वी विचारून झालेला आहे. पैगंबरांचे एक साथीदार, इम्रान बिन हुसैन, यांना मूळव्याधीचा त्रास होता. नमाज कशी पढावी असे त्यांनी विचारले. उभे राहून, ते जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले, आणि ते बुखारींच्या हदीस संग्रहात नोंदलेले आहे. ज्याला कपाळ जमिनीला टेकवता येत नाही त्याने मान झुकवून इशाऱ्याने सजदा करावा, रुकूपेक्षा थोडे जास्त झुकून, हे कोणताही इमाम सांगेल. मोकळीक धर्माने कधीच दिली आहे. अडते ते रांगेतल्या चार जणांच्या नजरेपाशी. तरण्याबांड पोराने खुर्चीतल्या माणसाकडे बघून "चाचा, काय झाले?" असे विचारण्याऐवजी खुर्ची रांगेत नीट बसवून दिली, तर पुढच्या वर्षी चाचा तरावीहला नक्की येतील.

आणि एक काठीचे. आपल्याकडे माणूस काठी घेतो ती दुखऱ्या बाजूच्या हातात. नाटक-सिनेमातले लंगडे म्हातारेही बरेचदा तशीच धरतात. ती उलट्या हातात हवी. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि उजवा पाय पुढे पडेल तेव्हा तीही त्याच्याबरोबर पुढे टेकायची. चालताना उजव्या पायाबरोबर डावा हात आपोआप पुढे येतच असतो, काठी फक्त त्या लयीत मिसळते आणि शरीराचा तोल दुखऱ्या गुडघ्यावरून थोडा पलीकडे ओढून घेते. उंची अशी की हात खाली सोडल्यावर मूठ मनगटाच्या रेषेत यावी. खालचे रबर झिजले असेल तर आजच बदलावे; मशिदीच्या ओल्या पायरीवर ते सटकते, आणि नवे स्वस्तात मिळून जाते.